एक पान ओढले, दोन सुटली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका पिशवीत शिरा. घाबरू नका, गुदमरायला होणार नाही. तुमच्या अंगावर एक जाड सुती सदरा आहे आणि त्याची एक बाही घामाने ओलसर आहे. पायाशी पाण्याची बाटली डुचमळते आहे. पिशवी लाकडी जिना चढते आहे. खालच्या दुकानातून टायरच्या रबराचा वास येतो आणि वरून आवाज येतो, धप्प. मग थोडी शांतता. मग पुन्हा धप्प.

त्या आवाजाची सवय झाली की समजा, तुम्ही मी झालात. मी एक जुनी वही आहे. शाळेची नव्हे, हिशेबाची तर नव्हेच. मी ज्युदोच्या सरावाची वही आहे.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीवाल्याच्या टेबलावर झाला. छापखान्यात उरलेले कागद त्यांच्याकडे येत. ते कागद त्यांनी मधोमध दुमडले, एकात एक घातले आणि त्या घड्या दोऱ्याने एकमेकींना शिवल्या. पुठ्ठ्यावर कापड चढवले, कण्याला खळ लावली आणि मला दोन जड फळ्यांमध्ये दाबून ठेवले. फळ्यांमधून बाहेर आले तेव्हा मी ताठ होते आणि उघडताना कुरकुरत होते.

बांधणीवाल्या आजोबांनी मला त्यांच्या नातीच्या हाती दिले. म्हणाले, "डाग पडले तरी चालतील. फक्त हिला उपाशी ठेवू नकोस."

नातीचे नाव सांगत बसत नाही, कारण त्या नावाने तिला कोणी हाक मारीत नसे. अंगाने ती इतकी बारीक की घरात सगळे तिला काडी म्हणत. सरावाच्या पहिल्याच दिवशी आईने जिन्याखालून मोठ्याने विचारले, "काडी, बाटली घेतलीस का गं?" झाले, वरच्या ज्युदोच्या हॉलमध्येही ती काडीच झाली.

तो हॉल बाईंचा. बाई बुटक्या होत्या, आवाज कधी चढवत नसत आणि मोठमोठ्या मुलांना अलगद उचलून मॅटवर ठेवत. त्यांची एक पद्धत होती. सराव संपला की प्रत्येकाने भिंतीला टेकून बसायचे आणि आपापल्या वहीत लिहायचे: आज काय केले, काय जमले, काय जमले नाही. वह्या दाराजवळच्या लाकडी खोक्यात ठेवून घरी जायचे. पुढच्या सरावाच्या आधी बाई लवकर येत, चहाचा कप घेऊन सगळ्या वह्या वाचत आणि त्यावरून पाटीवर खडूने जोड्या लिहीत. कोणी कोणाला फेकायचे, कोणी अजून नुसते पडायलाच शिकायचे, ते वह्या ठरवत. ज्युदोत आधी पडायला शिकतात, मग पाडायला. ज्याला पडता येत नाही त्याला फेकले तर हात-पाय मोडायचे.

काडीने माझ्या पहिल्या पानावर लिहिले, "आज पडले. परत पडले. कोपर दुखतंय. बाई म्हणाल्या हात आपट." अक्षर उताराला लागले होते, शेवटचा शब्द कागदाबाहेर जाता जाता वाचला. मला ते पान फार आवडे. त्या पानाला घामाचा वास होता.

मग कौतुकाचे दिवस आले. काडीने एकदा पडण्याची चित्रे काढली, बारीक बारीक काड्यांची माणसे, एक उभे, एक वाकलेले, एक आडवे. बाईंनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवले. म्हणाल्या, "वही अशी हवी. बघितली की कळतं."

दुसऱ्या दिवसापासून काडी घरून रंगीत पेन आणू लागली. मथळ्याखाली दोन रेघा, समासात वेलबुट्टी. लिहायला वेळ हवा म्हणून ती मॅटवरून सगळ्यांच्या आधी उठू लागली. मी दिवसेंदिवस नटत होते, मित्रांनो, आणि घामाचा वास मात्र कमी होत होता.

काडीला पुढे पडता येई, कुशीवर पडता येई. अडत होते ते पाठीवर पडणे. त्याची रीत सोपी आहे. हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची आणि मागे जाताना दोन्ही हात मॅटवर आपटायचे. गाठ दिसत असली की डोके वाचते. पण मागे काय आहे ते दिसत नाही ना! काडीची मान वळे आणि एक हात आपोआप मागे टेकायला जाई. असा टेकलेला हात मनगटात मोडतो, हे बाई रोज सांगत. काडीला ते पाठ होते. हाताला पाठ नव्हते.

तिचा जोडीदार होता पोतं. हे नाव त्याने स्वतःच घेतले होते. गुबगुबीत अंगाचा हा मुलगा मॅटवर पडला की भरलेले पोते गाडीतून उतरवल्यासारखा आवाज येई, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! "आवाज ऐक," तो म्हणे, "याला म्हणतात पडणं. तू पडतेस तेव्हा वाटतं, रुमाल पडला." पोत्याला पाठीवर पडणे केव्हाच जमले होते. तो फेकायच्या रांगेत गेला. काडी राहिली पडायला शिकणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत, तिच्या कमरेएवढ्या चिल्ल्यापिल्ल्यांत.

एका संध्याकाळी काडी भिंतीला टेकून बसली. पेन माझ्यावर टेकले आणि थांबले. शाईचा एक ठिपका पसरत गेला. समोर पोतं पुढच्या रंगाच्या पट्ट्यासाठी द्यायच्या परीक्षेबद्दल काहीतरी बोलून सगळ्यांना हसवत होते. काडीने मान खाली घातली आणि लिहिले, "पाठीवर पडणे. जमले." खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या सरावाला पाटीवर काडीचे नाव पोत्याच्या नावाशेजारी होते.

मी खोक्यात होते, पण खोके उघडे होते. बाई पहिल्या रांगेतल्या पिल्लांना शिकवत होत्या, त्यांची पाठ इकडे होती. पोत्याने काडीची बाही धरली, वळला आणि तिला अलगद कमरेवर घेतले. काडीला जमीन मागे जाणवली. तिचा एक हात मागे गेला आणि दुसऱ्या हाताने तिने पोत्याची कॉलर घट्ट पकडली. आता पोतं तिच्यावरच पडणार होते. त्या हातावरच. पण त्याने हवेतच अंग पिळले आणि तिला चुकवून मॅटच्या कडेबाहेर, लाकडी जमिनीवर खांदा आपटला.

या वेळी धप्प असा आवाज आला नाही.

हाड मोडले नव्हते. डॉक्टरांनी हात झोळीत बांधला आणि परीक्षेच्या आत झोळी सुटेल असे सांगितले. काडीला खरचटलेसुद्धा नव्हते.

दोन दिवसांनी पोतं हॉलवर आले. दुखापत झालेल्यानेही वही लिहायचीच, असा बाईंचा नियम होता. पण पोत्याचा उजवा हात झोळीत. बाई म्हणाल्या, "काडी, तुझं अक्षर चांगलं आहे. तो सांगेल ते तू लिही."

काडी त्याची वही मांडीवर घेऊन बसली. मी शेजारीच होते.

पोत्याने छताकडे पाहिले. मग हळूच सांगितले, "लिही. फेकताना माझा पाय घसरला. चूक माझी."

"पण पाय घसरला नव्हता," काडी पुटपुटली.

"मग काय घसरलं? काहीतरी घसरलंच असेल. लिही गं, हात दुखतोय माझा."

त्याला खरेच तसे वाटत होते, का तो तिला सांभाळून घेत होता, ते मला आजही ठाऊक नाही. काडीने लिहिले. सुंदर अक्षरात लिहिले.

बाईंनी ते वाचले आणि पाटीवरचे पोत्याचे नाव पुसून पहिल्या रांगेत लिहिले. ज्याचा पाय घसरतो त्याने दुसऱ्याला फेकायचे नाही. पाय पक्के होईपर्यंत परीक्षाही नाही. त्या दिवशी पोत्याने कोणाला हसवले नाही.

त्या दिवशी काडीने मला खोक्यात न ठेवता घरी आणले, उघडले, ते दोन रेघांचे पान चिमटीत धरले आणि ओढले. ते निघाले. पण त्याचबरोबर माझे पहिले पानही सुटून जमिनीवर पडले. काडी दचकली. तिने दोन्ही पाने माझ्यात कशीबशी कोंबली आणि मला कपाटामागे, जुन्या बुटांच्या खोक्यावर टाकून दिले.

तिथे मी पडून राहिले. वर धूळ, खाली बूट. माझी भूक मी कशी सांगू? रोज संध्याकाळी सरावाची वेळ होई आणि माझ्या कोऱ्या पानांना वाटे, आता पेन टेकेल. काडी हॉलवर जातच नव्हती. आईला सांगत होती, पोट दुखतंय.

मी सापडले ती आजोबांना. एक पेटी शोधायला ते कपाटामागे वाकले आणि मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला उघडलेसुद्धा नाही. नुसते कडेवरून अंगठा फिरवला आणि काडीला हाक मारली.

"एक पान ओढलंस वाटतं."

काडीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

आजोबांनी टेबलावर मला पसरले आणि दोन्ही सुटी पाने एकमेकांना लावून दाखवली. फाटलेल्या कडा तंतोतंत जुळल्या. "बघ, हा एकच कागद आहे. मधे दुमडला की अर्धा घडीच्या सुरुवातीला जातो, अर्धा शेवटाला. दोरा मधून. शिवलेल्या वहीत पानं जोडीनं राहतात, काडे. एकाला ओढलं की दुसऱ्याचा आधार जातो. त्याची काही चूक नसते."

काडीचा चेहरा एवढासा झाला. तिने विचारले, "तुम्ही वाचलंत?"

"छे. पानं जोडताना अक्षरं बघत बसलो तर खळ वाळते." त्यांनी पातळ कागदाची पट्टी कापली, खळ लावली आणि ब्रश तिच्या हातात दिला. "धर. फार नको लावू. आणि पान फेकायचं असेल तर आत्ताच सांग, मग दुसरंही काढतो."

काडीने पहिले पान उचलले. आज पडले. परत पडले. तिने ते दोनदा वाचले असावे, कारण ब्रशवरची खळ वाळली आणि आजोबांना ती पुन्हा घालावी लागली. मग तिने दोन्ही पाने चिकटवली. पट्टी थोडी वाकडी बसली. ती आजही वाकडी आहे.

दुसऱ्या दिवशी काडी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचली. बाई चहा घेत बसल्या होत्या. काडीने माझ्यात त्या दोन रेघांखाली काळ्या पेनाने लिहिले होते, "जमले नव्हते. पोत्याचा पाय घसरला नाही. मी हात मागे टेकला आणि त्याची कॉलर सोडली नाही." तिने मला उघडेच बाईंच्या पुढ्यात ठेवले आणि समोर उभी राहिली.

बाईंनी वाचले. कपातला चहा निवला. मुले एकेक करून येऊ लागली, पोतंही आले, झोळीत हात घालून. बाई त्याला म्हणाल्या, "तुझ्या वहीत चुकीचं लिहिलंय."

पोत्याने काडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "अक्षर माझं नाही, बाई," तो म्हणाला.

बाईंना हसू आले, पण ते त्यांनी चहात बुडवले. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "जोडी वाचून लावली. बघून लावायला हवी होती." मग त्या उठल्या, पाटीवरचे पोत्याचे नाव पुन्हा फेकायच्या रांगेत लिहिले आणि परीक्षेच्या नावांतही घातले. पहिल्या रांगेत, पिल्लांच्या टोकाला, काडीचे नाव लिहिले. त्या दिवसापासून बाई वह्या वाचत आणि जोडी लावण्याआधी प्रत्येकाला एकदा पडायलाही लावत.

मित्रांनो, आता माझी सगळी पाने भरली आहेत आणि मी एका फळीवर विसावले आहे. तुमच्याकडेही एखादी वही असेल, कवायतीची, पोहण्याची नाहीतर गाण्याची. तिला नटवले नाही तरी चालेल. डाग पडू द्या, अक्षर वाकडे जाऊ द्या. जे जमले नाही ते तिला आधी सांगा, ती कोणाला हसत नाही. आणि तिचे पान ओढावेसे वाटले, तर ओढण्याआधी त्याचे जोडपान कुठे आहे तेवढे शोधा.

बाईंनी पाटी पुन्हा लिहिली त्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. काडी पिल्लांच्या रांगेत उभी राहिली. भिंतीजवळून पोतं ओरडले, "गाठ बघ, काडे, गाठ!" काडी मागे गेली. हात मागे टेकला. ती उठली, पुन्हा गेली, पुन्हा टेकला. सराव संपेपर्यंत ती पडत राहिली आणि एकदा, एकदाच, दोन्ही हात एकदम मॅटवर बसले.

मग ती भिंतीशी आली. पण तिने मला आधी घेतले नाही. पोत्याची वही उघडली आणि म्हणाली, "सांग."

पोत्याने सांगितले, "आज नुसता बसलो. काडीला पडताना बघितलं. एकदा आवाज बरा आला. बाकी वेळा हात मागेच जातो."

काडीने ते सगळे लिहून घेतले. शेवटचे वाक्यसुद्धा.