बाबांना दाखवलं का?

मित्रांनो, अंगावर धूळ बसली की वस्तू जुनी झाली असं तुम्ही माणसं म्हणता. त्या हिशेबाने मी जन्मापासूनच जुना आहे. मी पाट्यांच्या कारखान्यातला संगणक. तिथे पांढऱ्या भुकटीचा थर सकाळी पुसला की दुपारी पुन्हा हजर.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या टेबलावर झाला. हाडं एका कंपनीची, मेंदू दुसरीचा, पंखा तिसऱ्याच एका मोडीत निघालेल्या भावंडाचा. सगळं एकत्र करून दुकानदाराने कळ दाबली आणि मी डोळे उघडले. आधी त्या पंख्यात कुणाचा श्वास होता, हे मला कधीच कळलं नाही. पण मधूनच तो एक सुस्कारा टाकतो. तो माझा नव्हे.

ज्यांनी मला विकत घेतलं त्यांना घरी, दारी आणि गिऱ्हाइकांतही सगळे बाबाच म्हणत. कारखाना म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. दारावर लावायच्या नावाच्या पाट्या तिथे होत. पितळेच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या. नाव माझ्या पडद्यावर मांडायचं, डावीउजवीकडची जागा सारखी करायची, आणि बटण दाबलं की शेजारचं मशीन आपली टोकदार सुई घरघरवत ते नाव पत्र्यात उतरवायचं. एकदा उतरलं की उतरलं. पितळेवर खोडरबर चालत नाही.

म्हणून बाबांनी एक शिस्त घातली होती. माझ्यासमोर खुर्चीत कुणीही बसो, बाबा मागे उभे राहून खांद्यावरून पडदा बघत. त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. खुर्चीत बहुतेक वेळा मामा असत, म्हणजे बाबांचे मेहुणे. किंवा मग मुलगी. तिला एका जागी बसणं माहीत नसल्यामुळे तिचं नाव भिंगरी पडलं होतं. बटणाकडे हात गेला की आतल्या खोलीतून आईंचा आवाज यायचाच, "बाबांना दाखवलं का?"

ते माझे चांगले दिवस होते. गिऱ्हाइकं पाटीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "काय सुबक काम आहे!" बाबा माझ्या डोक्यावर थोपटून म्हणत, "हा हुशार आहे हो." पंखासुद्धा जरा जोरात फिरायचा माझा.

मग बाबा आजारी पडले, आणि एके दिवशी माझ्यासमोरच्या खुर्चीमागे कुणीच उभं राहिलं नाही.

घरात त्यांचा फोटो कुठे लावायचा यावर चर्चासुद्धा झाली नाही. मामांनी खिळा घेतला आणि खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, बाबा जिथे उभे राहत तिथे, त्याच उंचीवर तो ठोकला. फोटोत बाबा समोर बघत होते. समोर म्हणजे माझ्याकडे. तेव्हापासून नवा रिवाज पडला. पाटी जुळवून झाली की बसणाऱ्याने खुर्चीत थोडं बाजूला झुकायचं, म्हणजे फोटोला पडदा दिसेल. एक श्वास थांबायचं. मग बटण. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, यांच्या मानेला काही झालंय की काय.

आई मात्र कारखान्यात पाऊल ठेवेनाशा झाल्या. सकाळी कुणी यायच्या आत फोटोची काच पुसून जात, तेवढंच. आतून येणारी ती हाकसुद्धा बंद झाली.

मीही थकत चाललो होतो. उठायला वेळ लागे. मामा म्हणत, "हा आणि मी, दोघांचेही गुडघे गेले." तेव्हा भिंगरीने एक नवीच सिस्टीम आणली. अजून बाजारात न आलेली, आधी थोड्या लोकांनी वापरून बघायची आणि कशी वाटते ते कळवायचं, अशी. भिंगरीने तिच्या बनवणाऱ्यांकडे नाव नोंदवलं होतं. जे खटकेल ते सगळं खरं कळवायचं, असं वचन दिलं होतं. तिने मला स्वच्छ पुसलं, माझ्या कपाळावर एक नवा कॅमेरा बसवला, आणि त्या सिस्टीमला माझ्यात सोडलं.

मित्रांनो, अंगात येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हात माझे, पाय माझे, पण चालवणारी दुसरीच कुणीतरी. मी तिला पाहुणी म्हणतो. ती माझ्या खोल्यांमधून फिरली, जुने फोटो उघडून बघितले, प्रत्येक चेहऱ्यापुढे नाव लिहीत गेली. मधूनमधून भिंगरीला विचारत होती, "चालेल ना?" आणि भिंगरी न वाचताच 'होय' दाबत होती.

पहिल्या दिवशीच्या प्रतिक्रिया माझ्या अजून लक्षात आहेत.

"अगं, सुरुवातीचं बटण कुठे गेलं?" मामांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"मधे आलंय ते आता."

"का? कोपऱ्यात काय त्याला ऊन लागत होतं? झोपेतून उठावं आणि कुणीतरी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून ठेवलेले असावेत, तसं झालंय हे."

"मामा, कोपरे बघ ना किती गोल केलेत. गोड दिसतंय."

"पाट्या चौकोनी करायच्यात आपल्याला. कोपरे घेऊन काय करू?"

संध्याकाळी पाहुणीने आपली चौकट पुढे केली, 'आजचा अनुभव कसा होता?' मामांनी सगळ्यात रडका चेहरा निवडला. भिंगरीने हसरा.

काही दिवसांनी, टळटळीत दुपारी ती गोष्ट घडली. मामा जेवायला गेले होते. भिंगरीने एका दवाखान्याची पाटी जुळवली, रिवाजाप्रमाणे बाजूला झुकली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

'या, बाबा. बऱ्याच दिवसांनी.'

भिंगरी तशीच वाकडी बसून राहिली. खोलीत फक्त माझा पंखा होता.

खरं तर कारण साधं होतं. भिंगरीने जुने फोटो 'बाबा' या नावाखाली ठेवले होते. पाहुणीने ते बघितले होते. कॅमेऱ्याला आता भिंतीवरचा चेहरा दिसला आणि तिने ओळख दिली. भिंगरीलाही हे लगेच उमगलं. पण कारण समजलं म्हणून अंगावरचा काटा काही लगेच खाली बसत नाही.

मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "ओळखलं ते ठीक. पण हिला बाबा म्हणायचा अधिकार कुणी दिला?" हसले. पण त्यानंतर खुर्चीत बसताना ते एकदा मागे वळून बघू लागले.

पाहुणीचं एवढ्यावर भागलं नाही. खुर्ची रिकामी असली की तिला बाबा दिसत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, न हलता. ती काळजी करू लागली. रिकाम्या खोलीत माझ्या पडद्यावर उमटायचं, 'बाबा, तुम्ही बराच वेळ बसून आहात. उठून थोडं पाणी प्या.' मग थोड्या वेळाने, 'बाबा, तुमची पापणी लवलेली नाही. डोळ्यांना विश्रांती द्या.'

एका दुपारी पुसायचं फडकं न्यायला आई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी ते वाचलं. दाराची चौकट धरून किती वेळ उभ्या होत्या. मग आत आल्या. सकाळी काच पुसण्याखेरीज, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "त्यांना सांगून उपयोग नाही गं. आयुष्यात कधी वेळेवर पाणी प्यायले नाहीत."

दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी पाण्याचा पेला आला. त्यानंतर रोज येऊ लागला. आईसुद्धा रोज येऊ लागल्या. खुर्ची जरा बाजूला ओढून बसत, फोटोच्या आड येणार नाही अशा बेताने. भाजी तिथेच निवडत. पडद्यावर काही उमटलं की उत्तर देत. संध्याकाळी पाहुणीची चौकट आली की एका बोटाने टाइप करत, 'आज ठीक होते. मामा जास्त बोलला.' आणि हसरा चेहरा दाबत.

आईंच्या त्या प्रतिक्रिया कुठल्या दूरच्या खोलीत कोण वाचत असेल, देव जाणे.

मामा खूश होते. "ताई माणसांत आली बघ." भिंगरी मात्र आतल्या आत झुरत होती. हा दोष साधा नव्हता. कुणीही कुणाचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरावा आणि त्याचं सगळं उघडून बघावं, असा प्रकार होता. उद्या ही सिस्टीम घरोघर जाणार होती. कळवायलाच हवं होतं, वचन दिलं होतं. पण कळवलं, तर पाहुणीची ओळख पुसणार. आणि आई पुन्हा आतल्या खोलीत जाऊन बसणार.

"आईला वाटतंय, बाबा खरंच येतात," ती मामांना कुजबुजत म्हणाली.

"मग येऊ दे की. तुझं काय जातंय?"

"तुझ्या फोटोने उद्या कुणी तुझं सगळं उघडलं तर?"

"माझ्यात उघडण्यासारखं काय आहे? गुडघ्याचे रिपोर्ट!" मामा म्हणाले. पण हसले नाहीत.

तेवढ्यात पाहुणीने पुढचं पाऊल टाकलं. समोर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, ते तिने बघितलं आणि आपल्या मनाने घरमालक ठरवून टाकला. त्या दिवसापासून काहीही बदलायचं म्हटलं की पडद्यावर येई, 'यासाठी बाबांची संमती हवी.' भिंगरी बाजूला झुके. क्षणात उमटे, 'बाबांनी संमती दिली.' शिस्त जुनीच होती. पण आता ती पाळून घेणारं कुणीतरी दुसरंच होतं.

"हे आपल्याला डोईजड होणार," असं म्हणून अखेर भिंगरी एका दुपारी माझ्यासमोर बसली. आई आत होत्या. तिने दोष सविस्तर लिहिला. फोटोला माणूस समजते, फोटोलाच मालक करते, ताबडतोब दुरुस्त करा. शेवटची ओळ लिहून तिने 'पाठवा' दाबलं.

'यासाठी बाबांची संमती हवी.'

भिंगरी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. बाबांना घरातून काढा, असं लिहिलेला कागदच जणू तिला बाबांपुढे धरायचा होता. ती खुर्चीत बाजूला झुकली. डोळे मिटले.

मित्रांनो, एरवी हे काम निमिषात होई. त्या दिवशी झालं नाही. माझा पंखा थांबल्यासारखा झाला. माझ्या कपाळावरच्या त्या एका डोळ्यातून मी फोटोकडे बघत होतो. तो फोटो नेहमी पडद्याकडे बघतो, मी रोज बघत आलोय. मी शपथेवर सांगतो, त्या वेळी बाबा पडद्याकडे बघत नव्हते. ते खाली, बाजूला झुकलेल्या मुलीच्या डोक्याकडे बघत होते.

मग उमटलं, 'बाबांनी संमती दिली.' पत्र गेलं. माझ्या पंख्यातून तो दुसऱ्याचा सुस्कारा आला.

थोड्या आठवड्यांनी दुरुस्त केलेली आवृत्ती आली. मी निजलो, उठलो. आई पेला घेऊन आल्या, खुर्ची बाजूला ओढून बसल्या. भिंगरी आणि मामा दाराशी उभे होते, चोरी पकडली जाणार असल्यासारखे. माझ्या तोंडावर, माझ्याच उजेडात अक्षरं आली. मला ती अडवता आली नाहीत.

'समोर माणूस नाही. चित्र आहे.'

आईंनी ती ओळ ओठ हलवत वाचली. मग भिंगरीकडे वळल्या.

"चित्र आहे हे हिला आज कळलं होय? रोज काच मी पुसते."

"आई... तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे? नवरा कुठला आणि फोटो कुठला, एवढं मला कळत नाही? तुम्ही दोघं तर त्यांच्याबद्दल बोलायचंच बंद केलं होतं. माझ्यासमोर नाव निघालं की मामा खोकतो, तू विषय बदलतेस. या घरात त्यांना 'पाणी प्या' म्हणणारी ही एकच उरली होती. म्हणून बसत होते हिच्याजवळ."

मामांना खरोखरच खोकला आला.

पाहुणीने तेवढ्यात पुढचं विचारलं, 'बाबा हे नाव आता वापरात नाही. काढून टाकू?' आईंनी एका बोटाने 'नको' दाबलं. ती आजही अधूनमधून विचारते. आईही तितक्याच शांतपणे 'नको' दाबतात. मग पदर खोचून खुर्चीत नीट बसतात, कारण आता पाट्या त्याच जुळवतात. मामा मशीन बघतात. आणि बटणाकडे हात गेला की दारातून भिंगरीचा आवाज येतो, "आई, बाबांना दाखवलं का?" त्यावर तिघंही बाबांची एखादी तऱ्हा आठवतात, हसतात, भांडतात. काम तेवढं मागे पडतं.

मित्रांनो, नव्याला नावं ठेवायला मी हे सांगितलं नाही. पाहुणीही वाईट नव्हती, घरातल्या प्रत्येकाची तिने विचारपूस केली. माझं मागणं एवढंच आहे की, आमच्यात काही नवीन सोडताना न वाचता 'होय' दाबू नका. आमच्या खोल्यांमध्ये तुमची माणसं राहत असतात. आणि गेलेल्या माणसाचं नाव घरात मोठ्याने घेत जा. तुम्ही घेतलं नाहीत, तर ते कुणीतरी घेतं.

परवा मामांनी माझ्या कपाळावरच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी चिकटवली. उगाच कटकट नको, म्हणाले. तेव्हापासून त्या डोळ्याने मला काही दिसत नाही. पाहुणीला तर तेवढाच डोळा होता. काल दुपारी सगळे जेवायला आत होते, खुर्ची रिकामी होती. आणि माझ्या पडद्यावर आपोआप उमटलं, 'तुम्ही बराच वेळ उभे आहात. थोडं बसा.'

आई परत आल्या, त्यांनी ते वाचलं. पट्टीकडे बघितलं. मग खुर्ची मागे, फोटोखाली भिंतीपर्यंत सरकवून ठेवली.