विहिरीवरचा स्टार्टर

बायनाबाईची लेक छबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या साली तलवाड्याकडं पाऊस सलग दुसऱ्यांदा फिरकला नाही. विहिरीच्या तळाला उतरलं तर खडकावर चपला वाजायच्या. सोसायटीनं जनावरांची छावणी घातली होती आणि तिच्या मांडवाचं लाकूड सोसायटीच्याच आरा मशीनवर चिरत होते. त्या मशीनचा स्टार्टर जळाला. बायनाबाईचा नवरा राधाकिशन सोसायटीचा पंच होता. त्यानं आपल्या कोरड्या विहिरीवरचा स्टार्टर काढून दिला. नुसता गंजत पडण्यापेक्षा कामाला येईल, एवढाच विचार.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाई मशीनवर थांबलेल्या नवऱ्याची भाकरी घेऊन शेडात आली, तेव्हा लाईट गेलेली होती. आश्रुबा सुतार बोथट पातं बदलायला बसला होता. त्याची रीतच होती ती, लाईट गेली की पातं बदलायचं. जुना स्टार्टर लाईट जाताच पडायचा, मग हिरवं बटण दाबल्याबिगर मोटार हलायची नाही. त्यामुळं मेनस्विच ओढायची सवय तिथं कुणालाच नव्हती. पातं फिरू नये म्हणून त्यानं दात्यांत बाभळीची पाचर ठोकली होती. डावा हात टेबलाखालून पात्यामागं घातलेला, उजव्या हातात पाना. नट काही सुटत नव्हता.

बायनाबाईची नजर भिंतीवरच्या स्टार्टरच्या पेटीकडं गेली. पेटीच्या अंगाला ऑटोचा खटका होता आणि तो वर, म्हणजे चालू होता. रात्री-अपरात्री लाईट आली तर कुणी उठून विहिरीवर जायला नको, म्हणून तो बसवलेला. लाईट आली की जरा दम खाऊन मोटार आपली आपण सुरू व्हायची.

“भावजी, आधी हात काढा,” ती म्हणाली. “ह्यो आमच्या हिरीवरला स्टार्टर हाय. त्याला ऑटो हाय.”

“लाईटच न्हाई वयनी, ऑटो काय करतोय?” आश्रुबानं मानसुद्धा वर केली नाही. “राधाकिशन, बायको लई भित्री हाय बे तुझी.”

“भित्री? ऑटो न्हवता तवा अंधारात हिरीवर हीच जायची. मीच घरी झोपायचो,” राधाकिशन हसला. मग तिला म्हणाला, “अगं, ऑटो काढाय सांगितलाय वायरमनला.”

“सांगितला. पर काढला का?”

राधाकिशननं पेटीकडं पाहिलं. त्याचं हसू मावळलं. तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब पेटला.

आश्रुबानं पाना टाकला. पात्यामागचा हात त्याला ओढता येईना. झटका दिला तर मनगट दात्यांवर फाटणार, आणि सावकाश काढावा तर तेवढा वेळ कुणाजवळ होता? पेटीत ऑटोचा रिले मोटार सुरू करायची वेळ मोजत गुणगुणायला लागला. तो आवाज बायनाबाईच्या चांगल्या ओळखीचा होता. तिनं मागून आश्रुबाचं कोपर धरलं.

“बोटं मिटा. आता खाली. अजून खाली.”

मेनस्विच पलीकडच्या खांबावर होता. राधाकिशन पात्यासमोरूनच तिकडं धावला. वळसा घालून जायचं त्याला सुचलं नाही.

आश्रुबाचा हात सुटला आणि दोघं मागं भुशात पडली. पेटीत खट्ट वाजलं, मोटारीनं हिसका दिला, पट्टा ताणला गेला. पात्यानं पाचर दातात धरून फेकली. राधाकिशनचा हात मेनस्विचच्या दांड्याजवळ पोचला होता. पाचर त्याच्या कानामागं बसली आणि तो खांबाला धरूनच खाली बसला.

मेनस्विच बायनाबाईनं ओढला. मशीन थांबेपर्यंत ती दांडा धरून उभी राहिली, मग नवऱ्याजवळ गेली.

आश्रुबानं पुढं कित्येक वर्षं लाकूड चिरलं. पण मेनस्विच ओढून, फ्यूज काढून, ते स्वतःच्या खिशात टाकल्याशिवाय त्यानं पात्याला बोट लावलं नाही, लाईट असो वा नसो.

राधाकिशन बीडला दवाखान्यात शुद्धीवर आलाच नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारला.