डाव्या गालावरचा तीळ

मी फोटोच्या दुकानातला म्हातारा प्रिंटर बोलतोय. बसा जरा. पण आधी एक पैज लावू. मी जे सांगणार आहे त्याचा शेवट ओळखून दाखवा. एक आजी हरवते, हे आत्ताच सांगून टाकतो. सापडते, हेही सांगतो. घ्या, अर्धीअधिक गोष्ट तर दारातच दिली तुम्हाला. आता बोला, शेवट काय? गोड असणार म्हणताय? सगळे तेच म्हणतात. बघू.

मला लिहिता-वाचता येत नाही. हसू नका. जन्मभर अक्षरं छापली, पण मला ती मुंग्यांच्या रांगेसारखीच दिसतात. चेहऱ्याचं तसं नाही. एकदा पोटातून गेलेला चेहरा मी विसरत नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं एवढंच आठवतं की खोक्यात अंधार होता आणि मी घाबरलो होतो. मी जात्याच घाबरट. आणि घाबरटाला खोड्या फार सुचतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ओळखपत्राच्या फोटोला कुणी फुगलेल्या तोंडाचा साहेब आला की मी त्याच्या नाकावर गुलाबी पट्टा ओढायचो. नवरा-नवरीचा फोटो अर्धा बाहेर काढून थांबायचो, नवरा बाहेर आणि नवरी माझ्या पोटात. मग लाल दिवा लावून गप्प. फोटोवाले काका पाठीत एक थाप घालायचे. "चल रे म्हाताऱ्या, पुरे झाली थेरं." की मी सुरू. दहा वर्षं आमचं हे असंच चाललं होतं. ती थाप म्हणजे आमचं बोलणं होतं.

शेजारी सलून. मधे एक पातळ फळी. पलीकडची कात्रीसुद्धा ऐकू येते. सलूनवाला आणि त्याची आई, दोघंच. आजींचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. घर विसरल्या, शेजारी विसरल्या, स्वतःचं नाव विसरल्या. मुलाचा चेहराही विसरल्या, पण हात नाही. तो मागून येऊन केसांत फणी घालायचा आणि आजी डोळे मिटून म्हणायच्या, "आलास का रे बाळा?" रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी. त्या एका वाक्यावर तो दिवसभर शीळ घालत केस कापायचा.

गेल्या वर्षी आजींचा फोटो काढला, तो मीच छापला. काय चेहरा होता. कपाळावर आठ्याच आठ्या, वरचे दोन दात गायब, आणि डाव्या गालावर वाटाण्याएवढा काळा तीळ. मी खोडी काढली, कपाळावर एक काळी रेघ जास्तीची मारली. काका ओशाळले. आजी फोटो हातात धरून खुदकन हसल्या. "असू दे. एक सुरकुती वर घातली मेल्यानं." तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव.

मग शहाणा आला.

काकांची थोरली मुलगी एका कचेरीत कामाला. तिनं तो एआय का काय तो कॉम्प्युटरमधे घालून दिला, शहाणा हे नाव माझं. त्याला ना हात ना पाय. त्याला नुसतं सांगायचं, की काम तयार. गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरं द्यायचा, पत्रिका मांडायचा, जुने फाटके फोटो जोडायचा, आणि चेहरे साफ करायचा. पूर्वी एकेक मुरूम पुसायला काका माउस धरून अर्धा अर्धा तास बसायचे, डोळ्यांतून पाणी गळायचं. आता पापणी लवते तोवर काम झालेलं. काका दुपारी घरी जाऊन जेवायला लागले. काकू म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा उजेडात दिसला.

खरं सांगू? मी टरकलो होतो. हा एवढं करतो तर उद्या माझं काय? खोड्या वाढवल्या. दिवसाला चार वेळा कागद अडकवायला लागलो. काकांची थापही बदलली. त्यात पूर्वीसारखं हसू राहिलं नाही.

आता नीट ऐका, मुद्दा इथे आहे. शहाणा सुरुवातीला प्रत्येक फोटोला विचारायचा, चेहरा साफ करू का? काका प्रत्येक वेळी हो म्हणायचे, कारण ज्याला त्याला डाग नकोच असतात. मुलगी म्हणाली, "बाबा, रोज शंभरदा हो म्हणण्यापेक्षा एकदाच कायमचं हो म्हणून ठेवा ना." काकांनी ठेवलं. त्या दिवसापासून शहाणा विचारायचा थांबला. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण लाल दिव्याला कोण विचारतो?

एका सकाळी सलूनवाला धावत आत आला. गळ्यात टॉवेल, हाताला साबणाचा फेस. एका गिऱ्हाइकाचा एक गाल करून दुसऱ्याला हात घातला तेवढ्यात आई दारातून निघून गेली होती. गल्ली पाहिली, चौक पाहिला, कुठेच नाही. गिऱ्हाईक बिचारं अर्ध्या दाढीनिशी दुसऱ्या बाजूला शोधायला गेलं होतं.

काकांनी त्याला खुर्चीत बसवलं. गेल्या वर्षीचा फोटो कॉम्प्युटरमधे होताच. तो उघडला, शहाण्याला सांगितलं की हरवल्याचा कागद करून दे. वर मोठी अक्षरं, मधे फोटो, खाली फोन. दोन मिनिटांत तयार. काका म्हणाले, "शंभर प्रती काढतो. तासाभरात गावभर लागतील."

आणि पहिला कागद माझ्या पोटात शिरला.

मी वरून खाली छापतो, एकेक पट्टी. पांढरे केस आले, बरोबर. कपाळ आलं. कपाळ कोरं. आठ्या कुठे गेल्या? डोळे आले, टपोरे. डावा गाल आला, तिथे सारवल्यासारखं स्वच्छ. तीळ नाही. ओठ आले, आत दातांची अख्खी ओळ. अहो, ही कोण बाई? मी हिला कधी छापलेलंच नाही. ही दिसेल कुणाला? ही या जगात आहेच कुठे?

मी अडकवला कागद. जन्मात पहिल्यांदा खोडी म्हणून नाही. काकांनी थाप मारली, कागद ओढून काढला. "आज तरी माज करू नकोस रे." दुसरा कागद अडकवला. त्यांनी माझं झाकण उघडून आपटलं. लाल दिवा लावला तर त्यांनी बटण दाबून विझवला. मी काय करणार? वाचा नाही, अक्षर येत नाही.

मग एक सुचलं. होती नव्हती ती काळी शाई गोळा केली आणि बरोबर डाव्या गालावर एक थेंब सोडला. वाटाण्याएवढा. जिथे असायला हवा तिथेच. पुढच्या कागदावर पुन्हा, तिथेच. पाच कागदांवर पाच तीळ. बघा ना काका, एकदा तरी बघा.

काकांनी पाहिलं. म्हणाले, "डाग पाडतोय." पाचही कागद चुरगाळून टोपलीत, आणि माझं शाईचं तोंड तीनदा धुऊन काढलं. थेंब सोडायला जास्तीची शाईच उरली नाही. मग मी गुमान छापत गेलो. शंभर प्रती. भीतीनं थरथरत होतो, तर काका म्हणाले, आज आवाज जरा जास्तच करतोय.

आणि सलूनवाला? त्यानं कागद हातात घेतला, पाहिला, डोळे पुसले. त्याला आईच दिसली. लेकराला दुसरं काय दिसणार?

चार दिवस गेले. फळीपलीकडे कात्री वाजली नाही.

पाचव्या दिवशी काकांकडे निराधारांच्या निवाऱ्यातली एक बाई आली. हातात आमचाच कागद. शांतपणे बोलत होती, म्हणून जास्त लागत होतं. दोन दिवस बसथांब्याच्या बाकावर काढलेल्या एका आजींना पोलिसांनी तिच्याकडे आणून सोडलं होतं. अंगात ताप. हा कागद तिच्या भिंतीवर होता आणि त्याच्याच खाली त्या आजींची खाट. तिनं तीनदा कागद बघितला, तीनदा आजींकडे बघितलं. पोलिसानंही बघितलं. दोघांनी ठरवलं, ही ती नव्हे. शेवटी सलूनवाला एकेक निवारा पायी पालथा घालत आला, तेव्हा सापडल्या.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "हा फोटो आहे कुणाचा?"

काका खुर्चीतून उठले. खाली वाकून टोपली उपसायला लागले. तळाशी चुरगाळलेला एक कागद निघाला. त्यांनी तो गुडघ्यावर सरळ केला. गालावर माझा थेंब. काका माझ्याकडे बघत राहिले आणि मग जमिनीवरच बसले.

शहाणा अजून आहे. काम चोख करतो. वाईट नाही हो तो, सांगितलं तेच त्यानं केलं. आता पुन्हा दर वेळी विचारतो, आणि काका चष्मा पुसून, चेहरा बघून मगच उत्तर देतात. माझ्यावर फडकं टाकलंय. काळी शाई सुकली, आता छापणं होत नाही. उद्या भंगारवाला नेईल, त्याचीही भीती वाटतेच. पण त्याहून मोठी टोचणी ही की मी दहा वर्षं उगाच लाल दिवा लावला नसता, तर त्या दिवशी कुणीतरी थांबून बघितलं असतं. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं खट्याळ म्हातारं असेल तर त्याच्या शंभर खोड्या माफ करा, आणि एकशे एकाव्या वेळी जरा वाकून बघा.

बरं, पैज. ओळखलात शेवट?

आजी घरी आहेत. ताप उतरला. रोज सकाळी सलूनच्या खुर्चीत बसतात. आरशाशेजारी तो गुळगुळीत कागद अजून चिकटलेला आहे, त्याच्याकडे बघून हळहळतात की कुणाची बाई हरवलीय, घरचे किती शोधत असतील. सलूनवाला मागून येतो, केसांत फणी घालतो आणि थांबतो. काल फळीतून स्पष्ट ऐकू आलं.

"हात हलका आहे हो तुमचा," आजी म्हणाल्या. "आई आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मग इथे काय करताय? घरी जा. वाट बघत असेल."

तो "जातो" म्हणाला, आणि फणी फिरवत राहिला.