त्सूर ओरेनच्या दोन याद्या

तुम्ही धार्मिक की सेक्युलर? गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला होता की आता तो नुसता कानावर पडला तरी सिल्विनाचं डोकं उठायचं. ती स्वतः धार्मिक, नवरा दामियान सेक्युलर, सहा वर्षांची माया दोघांच्या मधे. मायदेशी रोसारिओत आठ वर्षं असाच संसार झाला आणि कुणाचं काही अडलं नाही. इस्राएलला आल्यापासून मात्र जो तो उठतो आणि आधी हेच विचारतो.

तीन गावं बघून झाली होती. पहिलं पक्कं धार्मिक. दामियान रोज सकाळी प्रार्थनेला येईल ना, एवढंच तिथल्या बाईंनी तीनदा विचारलं. दुसरं किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीचं गाव. माणसं लाख मोलाची, पण शनिवारी दुपारी सगळं गाव मांस भाजायला बसतं, मग शब्बाथ पाळणाऱ्या, शनिवारी चूलही न पेटवणाऱ्या बाईने काय खिडकीत बसून धूर खायचा? तिसरं म्हणे मिश्र. तिथे सेक्युलर घरं दोन, तोंडी लावण्यापुरती. इकडे स्थलांतरितांच्या वसतिगृहातली खोली ऑगस्टअखेर सोडायची होती आणि एक सप्टेंबरला मायाची पहिली सुरू व्हायची होती. त्यामुळे गॅलिलीच्या डोंगरातलं त्सूर ओरेन काही झालं तरी हातचं घालवायचं नाही, असं दोघांनीही ठरवलं होतं. ठरवलं ते आपापल्या मनाशी. एकमेकांशी बोलले असते तर पुढचा घोळ झाला नसता.

त्सूर ओरेन नव्वद घरांचं गाव. निम्मी घरं धार्मिक, निम्मी सेक्युलर, आणि तोल ढळू नये म्हणून दोन याद्या. एका यादीतलं घर रिकामं झालं तर त्याच यादीतलं कुटुंब आत येणार. घर द्यायच्या आधी नव्या माणसांना एक शब्बाथ पाहुणे म्हणून ठेवून घ्यायचे, आणि मग मंगळवारी समितीपुढे बोलवायचे. अर्जातला धार्मिक की सेक्युलर हा रकाना सिल्विनाने मुद्दाम कोरा सोडला होता.

त्या मंगळवारी मायाला शेजारणीकडे ठेवून दोघं समितीपुढे जाऊन बसली. समितीत दोनच माणसं. एक सचिव नुरीत, साठीची, अर्ध्या चड्डीत, जिभेला हाड नसलेली. दुसरे एलिएझर, डोक्यावर धार्मिक लोकांची विणलेली टोपी, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं.

नुरीतने चष्मा लावला आणि पाहुणचाराचा अहवाल वाचायला घेतला.

"दामियान. शनिवारी सकाळी टोपी घालून सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला हजर. नंतर शोशानी या धार्मिक कुटुंबाच्या घरी जेवणानंतरची प्रार्थना पूर्ण, सुरात म्हटली. आवाज गोड. नवरा धार्मिक." तिने पान उलटलं. "सिल्विना. डोक्याला रुमाल नाही, अंगात पँट. शनिवारी सकाळी पोहण्याच्या तलावाशी बायकांमध्ये बसून होती. तिथेच किटलीत उकळलेली कॉफी दोन कप. बायको सेक्युलर."

सिल्विनाला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद वाचला जातोय. मग तिच्या लक्षात आलं. शनिवारी सकाळी दामियान फिरून येतो म्हणून बाहेर पडला तो जेवण उरकूनच आला होता. आणि तो गेल्यावर तिने धार्मिक बायका बांधतात तो डोक्याचा रुमाल सोडून पिशवीत टाकला होता, झगा बदलून पँट चढवली होती, इथल्या सेक्युलर बायका आपल्याला बघून बिचकू नयेत म्हणून. दामियान परतायच्या आत तिने झगा घालून रुमाल पुन्हा बांधलाही होता.

"उलटं लिहिलंय," ती म्हणाली. "धार्मिक मी आहे. हा नाही."

नुरीतने एलिएझरकडे पाहिलं. "बघा. मी म्हटलं नव्हतं, काहीतरी पाणी मुरतंय?"

"अहो, मग आम्ही खरं काय धरायचं?" एलिएझर म्हणाले. "दहा मिनिटं बाहेर जाऊन बोला. एकच काय ते सांगा."

बाहेर पाइनच्या झाडाखाली बाक होता. दामियान बसला, सिल्विना बसेना.

"तू गायलास," ती म्हणाली.

"घरासाठी गायलो. माझ्यामुळे आपल्याला नाकारू नये म्हणून."

"आठ वर्षं दर शब्बाथला ती प्रार्थना मी एकटी म्हणते. तू समोर बसून ब्रेडचे तुकडे चिवडतोस. मला वाटायचं तुला येतच नाही."

"येते. आजोबांनी शिकवली होती."

"मग माझ्यासमोर तोंडाला कुलूप लागतं का रे? त्या शोशानीबाईने असं काय वाढलं होतं तुला?"

"आणि तू गं?" आता त्याचाही आवाज चढला. "शनिवारी माझ्या आईकडे पायी यायचीस. ती बिचारी दर वेळी कॉफी पुढे करायची. शब्बाथला उकळलेली म्हणून एकदाही ओठाला लावली नाहीस. तू गेल्यावर ती कप ओतून टाकायची आणि रडायची. इथे परक्या बायकांकडे दोन कप."

सासू रडायची हे सिल्विनाला आज कळलं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच संताप आला. ती सरळ आत निघून गेली. तो मागोमाग आला.

नुरीतने तोवर तोडगा काढून ठेवला होता. "हे बघ पोरी, रिकामं झालेलं घर सेक्युलर यादीतलं आहे. तेव्हा दोघंही सेक्युलर लिहा आणि मोकळे व्हा. घरात शब्बाथच्या मेणबत्त्या लाव, नाहीतर काहीही कर, कोण बघायला येतंय?"

"पण शाळेचं सांगायला हवं," एलिएझर म्हणाले. "सकाळचा पहिला तास धार्मिक घरची मुलं प्रार्थनेला बसतात, सेक्युलर घरची गप्पांच्या वर्गात. मुलगी गप्पांना जाईल."

"पुढे यादी बदलता येते?" सिल्विनाने विचारलं.

"नाही. नाहीतर एका दाराने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचं, असं होईल."

सिल्विनाच्या डोळ्यांसमोर एकतीस ऑगस्ट उभा राहिला. आता पाचवं गाव शोधायचं त्राण तिच्यात नव्हतं. माया प्रार्थना घरी शिकेल, आपण शिकवू. तिने पेन उचललं.

दामियानने अर्जावर हात ठेवला. "ती सेक्युलर नाही."

"अरे, नुसता कागद आहे," नुरीत म्हणाली.

"असेल. पण ती नाही. लग्नापासून तिच्याशी त्याच पायी भांडतोय, मला विचारा. तिच्या नावापुढे धार्मिक लिहा, माझ्या नावापुढे सेक्युलर."

"कुटुंबाला रकाना एकच असतो."

"मग राहू दे तुमचं घर."

एलिएझरांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. माणूस भला होता, त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "काय करणार," ते म्हणाले. "मिश्र म्हणजे गाव मिश्र आहे हो. घर असं मिश्र आमच्याकडे एकही नाही."

नुरीतने अर्ज फायलीत घातला आणि पुढच्या कुटुंबाला हाक मारली.

बसला अजून पाऊण तास होता. थांब्यावर दामियानने विचारलं, "चिडलीस?"

"चिडू नको तर काय करू? कुणी सांगितला होता शहाणपणा? मी सही करत होते ना? मला घर हवं होतं रे, दामियान. मायाला शाळा हवी होती. लिहिलं असतं सेक्युलर, तर मी काय मेले असते?"

"मला नाही बघवलं."

तिला रडू आलं, आणि या माणसासमोर आत्ता रडायचं नव्हतं, म्हणून तिने तोंड डोंगराकडे फिरवलं. "आठ वर्षं वाट बघितली मी," ती म्हणाली. "एकदा, एकदा तरी चार लोकांत माझ्या बाजूने बोलशील म्हणून. आणि बोललास कधी, तर आज."

बस आली तेव्हा सिल्विना आधी चढली आणि दोघांपुरती जागा धरून बसली, पण वसतिगृह येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.