आठव्या लेनमधले ऐंशी मीटर

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शहरातल्या मातीच्या ट्रॅकवर मुलींची आठशे मीटरची जिल्हा निवड शर्यत सुटली. आठ मुली, दोन फेऱ्या. पहिल्या दोघींना राज्य स्पर्धेला पाठवायचे होते. बिडकीनची सोळा वर्षांची अपेक्षा आठव्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या लेनमध्ये उभी होती.

आठशे मीटरमध्ये फक्त पहिले वळण आपापल्या लेनमध्ये पळायचे असते. वळण संपते तिथे छोटे झेंडे लावलेले असतात. ते ओलांडले की सगळ्यांना आतल्या कडेला येता येते. सात जणी आल्या. अपेक्षा बाहेरच राहिली.

पहिली फेरी संपताना कठड्यावरून कोणीतरी ओरडले, "ए पोरी, प्रदक्षिणा घालायली का?" लोक हसले. मग "आत ये, आत ये" असा गलका झाला. अपेक्षा चुन्याच्या रेघेपासून आणखी दूर सरकली.

ती चौथी आली. वेळ दोन मिनिटे ३४.८ सेकंद. पहिली सायली, दोन मिनिटे २१.४. मुकुंदवाडीची मेघा दुसरी.

"आत का नाय आलीस?" पंच शिवराज यांनी तिला विचारले.

"मामांनीच सांगितलं होतं, रेघेवर पाय पडला की बाद. लोक ओरडायले तर मला वाटलं, फसवायलेत."

तिचा मामा मोतीराम हाच तिचा प्रशिक्षक. तो बजाजनगरला राहतो, वाळूजच्या कारखान्यात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी बिडकीनजवळच्या रुंद रस्त्यावर भाचीला पळवतो. शाळेत असताना तो चारशे मीटर पळायचा. त्या शर्यतीत शेवटपर्यंत लेन सोडता येत नाही. आठशेतही तसेच असते, असे तो धरून चालला होता.

"त्या सात जणी आत घुसल्या," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, सगळ्या बाद झाल्या. लई खूश झालो होतो, साहेब."

शिवराज हसले नाहीत. अपेक्षाने नियम मोडला नव्हता, बाहेरून पळायला बंदी नाही. तिचा चौथा क्रमांक कायम राहिला.

"पण मी किती जास्त पळाले?" अपेक्षाने विचारले.

शिवराज यांनी टेप मागवला. एक टोक अपेक्षाने धरले, वळणावर मध्ये मध्ये मोतीरामने टेप पायाने दाबून ठेवला. आतल्या लेनचे वळण भरले ११५.६ मीटर, आठव्या लेनचे १४२.१. फरक साडेसव्वीस. पहिल्या वळणाचा फरक भरून निघावा म्हणूनच तिला सुरुवातीला पुढे उभे केले होते. उरलेल्या तीन वळणांचे काहीच भरून निघाले नव्हते.

"म्हणजे जवळजवळ ऐंशी मीटर," शिवराज म्हणाले.

मोतीरामने मोबाइलवर भागाकार केला. त्याच वेगाने ती नेमके आठशे मीटर पळाली असती, तर दोन मिनिटे २०.७.

"साहेब, ही तर पहिली येती!"

"मोबाइलवर पळवून निवड होत नसते, मोतीराम."

"मग मैदानावर पळवा. ही आन् मेघा, दोघीच."

मेघाची आई आशाबाई मागेच उभी होती. "का म्हणून? हिला नियम माहीत नाय, त्यात आमच्या पोरीचा काय कसूर? ती बरोबर पळाली, दुसरी आली. परत पळायचं आन् तिथं पाय मुरगळला तर?"

मोतीराम अपेक्षाला म्हणाला, "चूक माझी हाये."

"व्हय," ती म्हणाली आणि शिवराजकडे वळली. "सर, झेंडे ओलांडले की एकदम आत वळायचं, का हळूहळू?"

"हळूहळू. तिरकं. घाई केली की दुसरीच्या पायात पाय अडकतो."

ती झेंड्यांपाशी गेली आणि चालत चालत, तिरकी, पहिल्या लेनपर्यंत आली. मग परत जाऊन पुन्हा एकदा.

मोतीरामने फेरचाचणीचा अर्ज दिला. आशाबाईंनी हरकतीचा. शिवराज यांनी वळणांची मापे जोडून दोन्ही अर्ज निवड समितीकडे पाठवले.

समितीची बैठक बुधवारी दुपारी झाली. पाच वाजता यादी लागली. मुलींच्या आठशे मीटरसमोर पहिले नाव सायलीचे आहे. दुसऱ्या नावाची जागा कोरी आहे. यादी शुक्रवारी पुढे पाठवायची आहे.