बादलीतली लाल बटणं

कपांच्या कारखान्यातल्या मुकादमांना संख्याशास्त्र शिकवायला ती आली होती आणि सगळे तिला आकडेबाई म्हणायचे. आज मात्र तिला शिकवायचं कमी आणि भांडायचं जास्त होतं. कपांना कान लावणाऱ्या मावशींचे या आठवड्यात सगळ्यांत जास्त कप भट्टीत तडकले होते, आणि ज्याचे जास्त तडकतील त्याची उचलबांगडी ठरलेली, थेट खोकी बांधायला. मावशी बाहेर बाकावर रडवेल्या होऊन बसल्या होत्या.

"ओरडलं, हलवलं की माणूस सुधारतो," फोरमन म्हणाला. पाठीमागे त्याला तोफसाहेब म्हणत. "तुमची गणितं राहू द्या, बाई."

"राहू देते. आधी एक खेळ खेळू या!"

तिने सोबत आणलेली बादली धाडकन टेबलावर ठेवली. आत पांढरी बटणं, त्यांत मिसळलेली लाल. डोळे मिटायचे आणि कपभर बटणं काढायची. लाल बटण म्हणजे तडकलेला कप. मुकादम खिदळत पुढे आले. कुणाची चार लाल निघाली, कुणाची सहा. तोफसाहेबाने बाह्या सरसावल्या आणि काढली चांगली अकरा!

"अरेरे, हात नीट चालवा की जरा!" आकडेबाई त्याच्याच थाटात गरजली. "जाताय का खोकी बांधायला?"

हशा पिकला. तोफसाहेब लालबुंद झाला. "अहो, डोळे मिटून काढली, माझा काय दोष? थांबा, पुन्हा काढतो!"

या वेळी तीनच.

"बघा!" तो आनंदाने ओरडला. "तुम्ही झापलंत आणि मी सुधारलो की नाही?"

आकडेबाई टेबलावरून पुढे झुकली. हेच, अगदी हेच तिला हवं होतं!

"कसे सुधारलात, साहेब? वेगळं काय केलंत?"

त्याने कपातली तीन लाल बटणं हातात घेऊन पाहिली.

"काहीच नाही," तो म्हणाला. "बादलीत लाल आहेत म्हणून येतात. कधी जास्त, कधी कमी."

"मग भट्टीत माती तडकते, त्याला मावशी काय करणार?"

तोफसाहेब मटकन खुर्चीत बसला. "गेल्या वर्षी असेच कप तडकले म्हणून मी सख्ख्या भावाला खोकी बांधायला धाडलं," तो म्हणाला. "तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही."

तो उठला आणि दार उघडून म्हणाला, "मावशी, जा, बसा आपल्या टेबलावर. आणि आधी ती माती तपासा रे कुणीतरी!"

मग तो खोक्यांच्या शेडकडे निघाला, जवळजवळ पळतच.