अठरा दिवसांची आई

मी एक म्हातारी करडी सील आहे. माझं नाक घोड्यासारखं लांब, त्यामुळे मला देखणी असं कुणी कधी म्हटलेलं नाही. मित्रांनो, माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ब्रिटिश बेटावर झाला. माशांच्या मागे फिरत जर्मनीला आले आणि तिथल्या हेल्गोलांड बेटाशेजारच्या वाळूच्या बेटावर रमले. पाण्यात उभ्या उभ्या झोपावं, उन्हात लोळावं, आणखी काय हवं?

दर हिवाळ्यात मी इथेच बाळंत होते. पिल्लू पांढरंशुभ्र असतं. अठरा दिवस मी त्याला लोण्यासारखं घट्ट दूध पाजते आणि स्वतः एक मासोळीही खात नाही. मग निघून जाते. पांढरी लव गळेपर्यंत पिल्लू अंगच्या चरबीवर राहतं. त्याआधी पाण्यात गेलं, तर गारठून मरतं.

२००८च्या जानेवारीत मी अशीच पाण्यात उतरले होते. पिल्लू मागे रडत होतं. तेवढ्यात मालिनीबाई आल्या. लेकीच्या, ऊर्मिलाच्या, बाळंतपणासाठी त्या पुण्याहून जर्मनीला आल्या होत्या. तान्हं बाळ छातीशी बांधून ऊर्मिलाही सोबत होती.

"अगं, याला आईनं टाकलंय! पाण्यासाठी तडफडतंय बिचारं," म्हणत मालिनीबाई त्याला समुद्राकडे ढकलायला निघाल्या. चाळीस किलोचं माझं बाळ त्यांच्यानं काय हलणार! पण भेदरून ते लाटांत शिरलं असतं. मी लाटांतून मान उंच करून बघत होते.

ऊर्मिलानं त्यांचा हात धरला. "आई, थांब! पाटीवर लिहिलंय, जवळ जायचं नाही. पाण्यात गेलं तर मरेल ते. अठरा दिवस स्वतः उपाशी राहून, पोटभर पाजून गेलीय त्याची आई."

"इतकं लहान लेकरू सोडून? कसली आई ही!"

ऊर्मिला बाळाला थोपटत म्हणाली, "सोमवारी तुझा व्हिसा संपतोय. म्हणजे तू मला टाकून चाललीयेस का?"

मालिनीबाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं.

"जमेल ना गं तुला? न्हाऊ घालणं, शेक, सगळं?"

"जमेल. तूच शिकवलंयस ना."

मित्रांनो, एकटं पिल्लू दिसलं तर लांबूनच बघा. त्याच्या आईनं तिचं काम केलेलं असतं. मालिनीबाईही मग मागे सरल्या. लाटांत त्यांना माझं डोकं दिसलं. डोळे पुसत त्या माझ्याशी बोलल्या.

"जा बाई. आता तू जेवून घे."